खोक्यात राहिलेलं रुखवत

हिवाळा आला की आमच्या भागातल्या शाळांना हस्तकलेची उबळ येते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशा नावाची स्पर्धा भरते, सभागृहात टेबलं लागतात, आणि परीक्षक म्हणून कोणीतरी मला बोलावतं. मी रिसोडला मराठी शिकवतो. कागद, कात्री आणि गोंद यांच्याशी माझा संबंध पुस्तकांना कव्हर घालण्यापुरता. पण जो वाचतो त्याला सगळंच कळतं अशी इकडे समजूत आहे, आणि ती मोडावी इतका प्रामाणिकपणा मी कधी दाखवला नाही.

टेबलांवर काय असतं ते सांगतो. आइस्क्रीमच्या काड्यांची घरं असतात. एवढं आइस्क्रीम त्या गावात कोणी खाल्लेलं नसतं. काड्यांचं पाकीट स्टेशनरीच्या दुकानातून आलेलं असतं. टाकाऊ म्हणून नवं सामान विकत आणायचं, बापाने रविवारी बसून ते चिकटवायचं, पोराने सोमवारी ते उचलून आणायचं आणि परीक्षकाने विचारलं की खाली बघत ‘मी स्वतः केलं सर’ म्हणायचं. मग प्रमुख पाहुणे उभे राहतात. ते म्हणतात, वस्तू महत्त्वाची नाही, त्यामागची भावना महत्त्वाची. टाळ्या पडतात. भावना महत्त्वाची असं म्हणणाऱ्या माणसाला वस्तूकडे दोन मिनिटं नीट बघायचा कंटाळा आलेला असतो, असं माझं मत आहे. हे मी खात्रीने सांगतो, कारण ते वाक्य त्याच माईकवरून मीही म्हटलेलं आहे.

आक्का गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून मला परीक्षक म्हणून बोलावणं आलं तर मी प्रकृतीचं कारण देतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. केनवडला दिलेली. घरी सोयाबीन, तूर, थोडी हळद. शिक्षण चौथीपर्यंत. तिला एकच नाद होता, कागदाचा, आणि कागद तोही एकाच प्रकारचा: जुन्या लग्नपत्रिका. आमच्याकडे लग्नपत्रिका कोणी फेकत नाही. वर गणपती छापलेला असतो, त्याला उकिरड्यावर कसं टाकायचं? म्हणून घरोघरी खुंटीला एक पिशवी लटकलेली असते आणि तिच्यात वीस-वीस वर्षांच्या पत्रिका साचलेल्या असतात. ज्यांची लग्नं त्यात छापली त्यांची पोरं लग्नाला आलेली असतात, एखाद्या जोडप्याची फारकतही झालेली असते, आणि पिशवी तिथेच. तिच्यातल्या गणपतींना वर्षानुवर्षं कोणी हात जोडत नाही. फक्त फेकायची हिंमत होत नाही, आणि या हिंमत न होण्यालाच आम्ही श्रद्धा म्हणतो. आक्का गावभरातून त्या पिशव्या मागून आणायची. आधी प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती कडेकडेने कापून डब्यात ठेवायची आणि डबा भरला की पैनगंगेत सोडून यायची. उरलेला कागद तिचा. जाड, गुळगुळीत, सोनेरी काठाचा. त्याची ती फुलं करायची, तोरणं करायची, डब्या करायची. बाळंतिणीला भेटायला जाताना, नव्या घराच्या वास्तूला, कोणाचं पोरगं दहावी पास झालं तर, ती हेच घेऊन जायची. लोक ‘वा वा’ म्हणायचे आणि फ्रीजवर ठेवायचे. पुढच्या दिवाळीत साफसफाईला ते केरात जायचं. तेव्हा गणपती आड येत नसे, कारण तो तिने आधीच काढलेला असायचा.

मला ती राखी करायची. कागदाची, पाकळ्यांची. सुरुवातीला मी ती हातावर तशीच घालून शाळेत जायचो. एका वर्षी स्टाफरूममध्ये पाकळीच्या मागच्या बाजूला ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं निघालं आणि एका सहकाऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. मी सगळ्यांपेक्षा जरा जास्त हसलो. पुढच्या वर्षापासून मी शाळेच्या पायऱ्या चढायच्या आधी राखी काढून खिशात घालू लागलो. बदल्यात आक्काला मी साडी द्यायचो. दुकानदाराने निवडलेली, दुकानदाराने बांधलेली. मी फक्त पिशवी उचलायचो. ती साडी तिने एकदाही नाकारली नाही, आणि मी स्वतःला उदार भाऊ समजत राहिलो.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा वाशिमला डायलिसिसला न्यावं लागे. तिची एकुलती एक मुलगी, माझी भाची, कॉलेज सोडून तिच्याबरोबर जात-येत असे. मी दर रविवारी केनवडला जायचो, तासभर खाटेजवळ बसायचो, औषधांची नावं वाचायचो आणि परत यायचो. त्या दिवसांत आक्काने रुखवत करायला घेतलं. पोरीचं लग्न ठरलेलं नव्हतं, स्थळं पाहायलाही सुरुवात झाली नव्हती. पण आईने रुखवत करायचं असतं आणि आपल्याकडे वेळ किती आहे ते तिला डॉक्टरांपेक्षा आधी कळलं होतं.

रुखवत म्हणजे नवरीकडच्या बायकांनी हाताने केलेल्या वस्तू. लग्नात त्या टेबलावर मांडायच्या, वरपक्षाच्या बायकांनी येऊन त्यांना नावं ठेवायची, आणि जाताना त्या नवरीबरोबर सासरी न्यायच्या. आक्का अख्खं स्वयंपाकघर करत होती, तळहाताएवढं. चूल, पाटा-वरवंटा, जातं, विळी, उतरंड, सूप. दर रविवारी एखादी नवी वस्तू उशाशी दिसायची.

मी एकदा म्हटलं, “आक्का, जात्यावर आता दळतं कोण? तिच्या सासरी मिक्सर असेल.”

“मिक्सर कागदाचा चांगला नाई दिसत,” ती म्हणाली.

तिची बोटं तेव्हा सुजलेली असत. पेला धरतानाही हात कापायचा. तरी पुढच्या रविवारी सूप तयार. पत्रिकेच्या बारीक पट्ट्या एकीखालून एक घालून विणलेलं, कड आत दुमडलेली. मी ते हातात घेऊन उजेडाकडे धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिची वस्तू दोन मिनिटांपेक्षा जास्त पाहिली असेल. मी म्हटलं, “ही कड अशी दुमडायला तुझाच हात पाहिजे.” ती हसली. भाची पलीकडे औषधं मोजत होती, तिने मान वर केली नाही.

आक्का गेली त्याच्या आधीच्या रविवारी तिने मला दोन खोके दाखवले. बुटांचे खोके, वर जुनी ओढणी गुंडाळलेली.

“हे पोरीसंगं गेलं पायजे. तू पाहशीन.”

“मंडपात मधोमध मांडीन,” मी म्हटलं. “सगळ्यांना दाखवीन.”

तिने ओढणी खोक्यांवर पुन्हा ओढून घेतली. मग पुन्हा तेवढंच म्हणाली, “पोरीसंगं गेलं पायजे.”

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर नातेवाइकांनी पोरीच्या लग्नाचा विषय काढला. पानावरचा भात वाळलाही नव्हता. आमच्याकडे रीत आहे: घरात कोणी गेलं तर वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. शोक करायला बंदी नाही, पण तो लग्नाच्या तारखेला अडचण होणार नाही असा करावा. भाऊजी, म्हणजे आक्काचे यजमान, भिंतीला टेकून बसले होते, त्यांना कोणी काही विचारलं नाही. सगळं ठरवत होती त्यांची बहीण, भाचीची आत्या. ती रिठदहून तेराव्याला आली ती पुढचे सहा महिने परत गेलीच नाही. घर सावरायला थांबली असं ती सांगायची. तिने मंगरूळपीरचं स्थळ आणलं, वैशाखातला मुहूर्त काढला, आणि एका रविवारी मी खोक्यांचा विषय काढला तेव्हा हातातली पापडाची लाटी खाली ठेवली.

“मेलेल्या बाईच्या हातचं लग्नात मांडाचं? कोनी आइकलं काय असं?”

“तिच्या आईने केलंय ते,” मी म्हटलं.

“म्हून तं म्हनते. माय जिती असती तं म्या वाजवत नेलं असतं. आता कायले पोरीच्या संसाराले अवदसा लावता? तुमी शिकलेले लोक, तुमाले पुस्तकात नाई सापडाचं हे.”

बोलताना तिच्या मनगटात आक्काच्या पाटल्या वाजत होत्या. तेराव्यापासूनच त्या तिच्या हातात होत्या, ‘पोरीसाठी जपून ठिवल्या’ म्हणून. मेलेल्या बाईच्या हातातलं सोनं चालतं. त्याला अवदसा चिकटत नाही, ते धुऊन निघतं. कागदाला चिकटते. हे शास्त्र कोणी लिहिलंय ते मला खरोखरच पुस्तकात सापडलेलं नाही. मी भाऊजींकडे पाहिलं. ते म्हणाले, “बायांचं काम हाय ते, मास्तर.” मी भाचीकडे पाहिलं.

“आत्या म्हनते तसं करा मामा,” ती म्हणाली.

मला तिचा राग आला. चोवीस वर्षांची मुलगी, कॉलेजात गेलेली, आईच्या खाटेजवळ वर्षभर बसलेली, आणि आत्याच्या एका वाक्यापुढे मान खाली. मी मनात म्हटलं, हिच्यासाठी आक्काने सुजलेल्या बोटांनी ते सूप विणलं. खोके मी माझ्याकडे रिसोडला घेऊन आलो. लग्नाच्या दिवशी मीच ते मांडणार होतो. नवरीचा मामा आहे मी, मला कोण अडवतो ते पाहू, अशी माझी तयारी होती. ती तयारी मी पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहून रोज करत असे. तिथे मी नेहमीच जिंकायचो.

लग्न केनवडबाहेरच्या मंगल कार्यालयात होतं. मी सकाळीच खोके घेऊन पोचलो तर दारातल्या टेबलांवर रुखवत आधीच मांडलेलं. थर्माकोलचा महाल, त्याच्या कळसात लुकलुकणारे दिवे. काचेच्या बाटलीत उभी केलेली बाहुली नवरी. प्लॅस्टिकची सप्तपदी. सुपारीचे वर-वधू, त्यांना फेटा आणि शालू. मधोमध मखमली पाटी, तिच्यावर नव्या जोडप्याची नावं सोनेरी अक्षरांत. ही अक्षरं काढ-घालीची असतात. दर लग्नाला तीच पाटी, नावं नवी. मी जवळ जाऊन पाहिलं तर नवरदेवाच्या नावापुढे आदल्या लग्नातला एक काना तसाच राहिलेला होता. आत्याने वाशिमहून भाड्याने रुखवत मागवलं होतं. मंडपवाल्याचा माणूस शेजारीच खुर्चीत बसून राखण करत होता. भाड्याची भांडी, भाड्याच्या खुर्च्या ठीक आहेत, त्यांच्यावर माणसं बसतात, जेवतात. पण नवरीच्या घरच्या बायकांच्या हातची कला म्हणून जे मांडायचं तेच भाड्याने आणायचं, ही बुद्धी माझ्या कल्पनेच्या पलीकडची होती.

मी खोके ठेवायला जागा शोधत होतो तर आत्या आडवी आली. “मामा, तुमी आज मुलीच्या मांगं उभं राहा, लिंबू-कट्यार धरा. तेवढंच काम हाय तुमचं.” आणि मला खरं सांगायचं तर मी तेवढंच केलं. खोके वधूपक्षाच्या खोलीत नेऊन गाद्यांच्या बाजूला ठेवले. पुस्तकांच्या कपाटासमोरचा मी कुठे गेला ते मला ठाऊक नाही.

दुपारी, मंगलाष्टकं झाल्यावर, वरपक्षाच्या बायका रुखवत पाहायला आल्या. त्यांच्या पुढे नवरदेवाची आई: उंच, रापलेली, चष्म्याला दोरी बांधलेली बाई. रीतीप्रमाणे नावं ठेवणं सुरू झालं.

“महाल तं मोठा हाय वं, पन राजा कुठं गेला?”

“राजा जेवाले बसला! अजून उठलाच नाई!”

“बाटलीत कोंडली पोट्टीले, आता बाहेर काढाची कशी?”

हशा झाला. नवरदेवाच्या आईने महालाच्या भिंतीवर बोट फिरवलं आणि विचारलं, “हे समदं कोनी केलं?”

मला वाटलं आता निदान आत्या गप्प बसेल. “कोनी म्हंजे?” आत्या म्हणाली. “पोरीनंच! चार महिने बसली होती. खानं नाई, पिनं नाई.”

मी मंडपात भाचीकडे पाहिलं. तिने ते ऐकलं होतं. ती गळ्यातल्या हाराकडे पाहत राहिली.

पुढे जे झालं ते त्या वाक्याचंच फळ. जेवणं झाली, निघायची गडबड सुरू झाली. पोरीने स्वतः चार महिने बसून केलं म्हटल्यावर वरपक्षाच्या बायकांनी ते न्यायला हवंच होतं. त्यांनी नेलं. दोघी-तिघींनी महाल अलगद उचलला, एकीने बाटली पोटाशी धरली, कोणी सप्तपदी गोळा केली, आणि सगळं टेम्पोत कपाट आणि कूलरच्या मधे रचलं. मंडपवाल्याचा माणूस तेव्हा जेवायला गेला होता. तो हात धुऊन आला तर टेबलं रिकामी. टेम्पो फाटकातून बाहेर पडत होता. तो माणूस ओल्या हातांनीच पळत सुटला.

“ओ मावशी! थांबा! थांबा! ते आमचं हाय!”

“तुमचं कसं?”

“भाड्याचं हाय ते! उद्या मालेगावले लग्न हाय, तिथं मांडाचं हाय!”

सगळ्या वऱ्हाडाने ते ऐकलं. ढोलवाला वाजवायचा थांबला. महाल पुन्हा टेम्पोतून उतरवला गेला, यावेळी मंडपवाल्याच्या माणसाने, आणि उतरवताना त्याचा एक कळस तुटून रस्त्यावर पडला. दिवे अजून लुकलुकत होते. नवरदेवाच्या आईने चष्मा वर सरकवला.

“मंग पोरीनं काय केलं?”

आत्याची चपळाई मी त्या दिवशी पाहिली. अर्ध्या श्वासाचाही वेळ तिने घेतला नाही. “हाय नं! हाय! पोरीचं बी हाय, तिच्या मायनं मरता मरता केलेलं हाय. बाई, पाहाल तं डोळ्यातून पानी येईन तुमच्या. ओ मामा! आना ना ते खोके, पाहून काय राह्यले?”

सहा महिने अवदसा असलेली वस्तू एका क्षणात पुण्याची झाली. पण मला तेव्हा तिचा तिरस्कार करायलाही वेळ नव्हता, कारण मी पळत होतो. पन्नाशी उलटलेला माणूस, कमरेला शेला, हातात कट्यार, खोलीत शिरून, गाद्या तुडवत, खोके घेऊन पळत नवरीच्या गाडीपाशी आलो. मला वाटत होतं की हाच तो क्षण. आक्का जिंकली. मी बोललो होतो ते खरं करून दाखवतोय. मी ओढणी सोडली, पहिल्या खोक्याचं झाकण काढणार, तेवढ्यात भाचीने गाडीतून हात बाहेर काढून झाकणावर ठेवला. मेंदी लावलेला हात, बांगड्यांनी जड.

“नाई मामा. हे नाई दाखवाचं.”

“अगं, तुझ्या आईने...”

“नाई दाखवाचं.”

“दाखव नं वं पोरी,” आत्या म्हणाली, “पाहुनी थांबली हायेत.”

भाचीने हात काढला नाही. ऊन कलतं झालं होतं, माणसं कंटाळली होती. नवरदेवाची आई म्हणाली, “चाला, जाऊ द्या. रस्ता लंबा हाय.” गाड्या निघाल्या. कोणीतरी मागून म्हणालं, “बिनरुखवताची सून,” आणि कोणीतरी हसलं.

मी खोके घेऊन फाटकात उभा राहिलो. त्या दिवसापर्यंत मी आत्याला आणि भाऊजींना आणि सगळ्या गोतावळ्याला तुच्छ समजत होतो. त्या दिवशी भाचीलाही त्यांच्यात जमा केलं. शेवटचा मान आईला मिळत होता तेव्हा हिला लाज वाटली. थर्माकोलच्या महालाशेजारी आईचा कागद हिला दरिद्री वाटला असणार. मी तिला फोन केला नाही. खोके माझ्या टेबलावर ठेवले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते उघडून दाखवू लागलो. विशेषतः सूप. “ही कड पाहा,” मी म्हणायचो, “बोटं सुजलेली असताना. असा हात पुन्हा होणे नाही.” लोक ‘भावना महत्त्वाची’ असं म्हणायचे आणि मी मान हलवायचो.

पंधरा-वीस दिवसांनी तिचाच फोन आला. “मामा, खोके घेऊन या.”

“आता लाज गेली का?” मी विचारलं.

“घेऊन या,” ती म्हणाली.

मी बसने गेलो. वाशिमला गाडी बदलली. खोके मांडीवर घेतले होते, तर कंडक्टर म्हणाला, “काका, चपला पायात घालत असतात, मांडीवर नाई.” मंगरूळपीरला उतरून विचारत विचारत तिच्या घरी पोचलो. घरी ती आणि सासू दोघीच होत्या, पुरुषमाणसं शेतात. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातच पाट दिला, चहा टाकला आणि म्हणाल्या, “आता तं दाखवशीन का? का अजून नाई?”

भाचीने खोके उघडले आणि एकेक वस्तू काढून ओट्यावर ठेवली. चूल, विळी, उतरंड, जातं. सासूबाईंनी जात्याचा खुंटा दोन बोटांत धरून फिरवला. तो फिरला.

“अस्सं! फिरते बी! पीठ कवा पडते?”

मी संधी सोडणार नव्हतो. मी सूप उचललं आणि माझं भाषण सुरू केलं. बोटं, सूज, कड, असा हात पुन्हा होणे नाही. सासूबाई ऐकत होत्या.

“मामा,” भाची म्हणाली, “ते सूप म्या केलं.”

मी सूप ओट्यावर ठेवलं.

“आईच्यानं कात्रीच धरनं होत नव्हतं तवा. ती खाटीवरून सांगे, मी करो. डायलिसिसच्या तिथं बसून.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं इचारू नका.”

मला आठवलं की ती तेव्हा पलीकडे औषधं मोजत होती आणि तिने मान वर केली नव्हती. आक्का हसली होती ती कशाला, तेही आत्ता कळलं. मी आवाज शक्य तेवढा शांत ठेवून म्हटलं, “मग तेव्हाच का नाही सांगितलंस? आत्याचं तोंड बंद झालं असतं. जिवंत माणसाच्या हातचं म्हटल्यावर कोणाची हरकत होती?”

ती कागदी चुलीचा थाना, भांडं टेकायचा उंचवटा, दोन बोटांनी सरळ करत होती. “मंग ती म्हनली असती, तुह्यं कोनतं, मायचं कोनतं, सांग. माह्यं तेवढं टेबलावर मांडलं असतं, आईचं खोक्यात राह्यलं असतं. म्या कायले वेगळं करू?”

“आणि फाटकात? तेव्हा तर आत्या सगळंच दाखव म्हणत होती.”

“तवा ती ‘मायचं’ म्हनून दाखवत होती. रडवाले. अन् तुमी बी.”

आक्काने मला दोनदा सांगितलं होतं, पोरीसंगं गेलं पाहिजे. मांड, दाखव, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. ते सगळं माझं होतं, माईकवर बोलायची सवय असलेल्या माणसाचं. आत्याने भाड्याच्या महालाला भाचीचं नाव लावलं आणि मी भाचीच्या सुपाला आक्काचं. दोघांनाही गिऱ्हाईक हवं होतं. फरक असलाच तर एवढा की तिची चूक मंडपवाल्याच्या माणसाने भर रस्त्यात काढली.

सासूबाईंनी माझ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्या सूप उलटंसुलटं करून पाहत होत्या, पाटा उचलून पाहत होत्या, मग पुन्हा सूप.

“तुह्या मायचं कोनतं अन् तुह्यं कोनतं, मले तं काई समजून नाई राह्यलं वं,” त्या म्हणाल्या. “म्हंजे तुले येते हे?”

मला वाटलं ती आता आईचं नाव घेईल, माझ्यासारखी.

“माह्या भाचीचं लग्न हाय तुळशीच्या लग्नामांगून,” सासूबाई म्हणाल्या. “येत असन तं सांग. नाई तं त्या वाशिमवाल्याले सांगा लागन, अन् त्याच्या मांगं पळा लागन.”

“येते,” भाची म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “पन सुपाची कड अजून वाकडी येते माह्यी.”

तिने सूप सासूबाईंच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पट्टी दुमडताना घसरली होती आणि कड गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर आली होती. मी ते सूप पन्नास माणसांना दाखवलं होतं. वाकडेपणा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.